थंडर आणि पेसर्स : २०१७ च्या एका ट्रेडपासून २०२५ च्या सातव्या सामन्यापर्यंत

पहाटेचा_सामना | २३ जून २०२५, दुपारी १:१५

आज पहाटे साडेपाचला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, अंतिम लढतीचा सातवा सामना सुरू झाला. ओक्लाहोमा सिटी थंडरनं इंडियाना पेसर्सला १०३-९१ हरवलं. पहिल्याच क्वार्टरमध्ये पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पडला आणि तळहातानं जमीन बडवायला लागला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच. तोवर तीन थ्री मारून नऊ गुण झाले होते त्याचे. टाचेमागची शीर तुटली म्हणतात. जिंकणाऱ्यांचा आनंद आहेच, पण हे विसरता येत नाही.

सामना संपल्यावर मी जुने ट्रेड, म्हणजे संघासंघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदली, कागदावर मांडत बसलो. मांडता मांडता लक्षात आलं की आज समोरासमोर आलेले हे दोन्ही संघ एकाच सौद्यातून उगवलेत. म्हणून हा धागा.

जुलै २०१७. पॉल जॉर्जनं इंडियानाला कळवलं होतं की करार संपला की मी जाणार. इंडियानानं त्याला ओक्लाहोमा सिटीला दिलं आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस साबोनिस घेतले. सगळीकडे टीका झाली, एवढा मोठा खेळाडू स्वस्तात विकला म्हणून. साबोनिस तेव्हा एक हंगाम जुना होता, सामन्यामागे सहा गुणही नव्हते त्याचे.

आता दोन्ही बाजू बघा.

इंडियानाकडे ओलाडिपो पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला, पुढे दुखापतीनं बसला. जानेवारी २०२१ मध्ये तो ह्यूस्टनला गेला आणि कॅरिस लव्हर्ट आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये लव्हर्ट क्लीव्हलंडला गेला, त्यातून इतर गोष्टींबरोबर ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, दुसऱ्या फेरीतला एक पिक (निवडीचा नंबर) मिळाला. तो ३१ वा निघाला आणि त्यावर अँड्र्यू नेमहार्ड घेतला. त्याच फेब्रुवारीत साबोनिस सॅक्रामेंटोला देऊन हॅलिबर्टन आणला. म्हणजे अंतिम लढतीत पेसर्सचा चेंडू ज्या दोघांच्या हातात होता, ते दोघंही २०१७ च्या त्या सौद्याची नातवंडं.

ओक्लाहोमा सिटीकडे पॉल जॉर्ज दोन हंगाम राहिला. जुलै २०१९ मध्ये कवाय लेनर्डला लॉस एंजेलिस क्लिपर्समध्ये जायचं होतं, पण सोबत जॉर्ज हवा होता. जॉर्जनंही जाऊ द्या म्हटलं. थंडरचा सर्वेसर्वा सॅम प्रेस्टी. क्लिपर्स किती अडलेले आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मागितलं : शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन वर्षी पिक बदलून घेण्याचा हक्क. ते सगळं मिळालं. त्या पाचातला एक २०२२ मध्ये १२ वा निघाला आणि त्यावर सांता क्लारा विद्यापीठाचा जेलन विल्यम्स घेतला. या अंतिम लढतीच्या पाचव्या सामन्यात ज्यानं ४० गुण केले, तोच. आणि शे या हंगामात सरासरी ३२.७ गुण, हंगामाचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, अंतिम लढतीचाही एमव्हीपी.

अजून एक पायरी मागे जाता येतं. ओलाडिपो आणि साबोनिस थंडरकडे आले कुठून? २०१६ च्या ड्राफ्टच्या रात्री सर्ज इबाका ऑर्लँडोला देऊन. आणि इबाका २००८ च्या ड्राफ्टमधला २४ वा पिक. चोविसाव्या पिकपासून विजेतेपदापर्यंत एकही दुवा न तुटता साखळी जोडता येते. माझ्या बघण्यात दुसरं असं उदाहरण नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. गेले काही दिवस सगळीकडे एकच वाक्य ऐकतोय, की प्रेस्टीनं पिक्सचा डोंगर जमवला म्हणून थंडर जिंकले. माझं मत वेगळं आहे. त्या डोंगरातले बहुतेक पिक अजून वापरलेच गेलेले नाहीत, किंवा पुढे दुसऱ्या कशात बदलले गेले. वरच्या प्रत्येक सौद्यात मथळ्यात नाव एकाचं होतं आणि वाढला दुसराच. इबाकाच्या ट्रेडमध्ये मथळा ओलाडिपोचा, टिकला साबोनिस. जॉर्जच्या ट्रेडमध्ये सगळे पिक मोजत होते, आणि शे त्या यादीत “शिवाय एक होतकरू मुलगा” असा होता. २०१८ च्या ड्राफ्टमधला ११ वा, पहिल्या हंगामात सरासरी १०.८ गुण. विल्यम्सचं तर तेव्हा नावही नव्हतं, तो “क्लिपर्स २०२२” एवढाच होता. संघ नव्यानं उभा राहतो तो या दुसऱ्या नावावर. ते नाव ओळखून मागणं आणि आल्यावर त्याला वाढू देणं, हे ज्याला जमतं त्यालाच पिक्सचा उपयोग.

तुम्हाला काय वाटतं?

---

कृष्णाकाठ | २३ जून, दुपारी ३:०२

साखळी वाचून अंगावर काटा आला. एक शंका आहे, मी बास्केटबॉल गेल्या वर्षीपासूनच बघायला लागलोय. पिक म्हणजे नक्की काय विकतात? जो खेळाडू अजून ड्राफ्टमध्ये आलेलाच नाही त्याचा सौदा कसा होतो? आपल्याकडे आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईला आला तो रोख पैशावर. इथे तसं का नाही?

---

तिसरी_शिट्टी | २३ जून, संध्या. ७:४०

कृष्णाकाठ, मी सांगते.

एनबीएत मोठा खेळाडू नुसत्या रोख रकमेवर विकत घेता येत नाही. ट्रेडमध्ये पगाराला पगार जुळवावा लागतो, म्हणून एका ताऱ्याबरोबर गॅलिनारीसारखी मोठ्या कराराची नावं येतात. आणि नवे खेळाडू लिलावात येत नाहीत. दर जूनमध्ये संघ एकेक करून मुलं निवडतात, हरणाऱ्या संघांचा नंबर आधी. हा निवडीचा नंबर म्हणजे पिक. पुढच्या सात वर्षांपर्यंतचे पिक विकता येतात.

आमच्या माहेरी रत्नागिरीकडे आंब्याची बाग करारानं देतात. व्यापारी मोहोर बघून बोली लावतो, कधी मोहोर यायच्याही आधी. पुढे थ्रिप्स पडला, अवकाळी झाली, तरी ठरलेले पैसे द्यायचेच. पीक धो धो आलं तर फायदा त्याचा. क्लिपर्सनी २०१९ मध्ये २०२६ चा मोहोर विकला. तेव्हा त्यांना वाटत होतं की आपली बाग दरवर्षी वरच्या नंबरात असेल, म्हणजे पिक २५-३० च्या आसपास, म्हणजे हलकं फळ. २०२१-२२ मध्ये कवाय अख्खा हंगाम दुखापतीनं बाहेर, जॉर्जही बराच काळ बाहेर, संघ प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) मुकला आणि तो पिक १२ वर आला. जेलन विल्यम्स!

आता पाच पिक सलग वर्षांचे का नाहीत तेही बघा. क्लिपर्सचे स्वतःचे पिक गेले २०२२, २०२४ आणि २०२६ चे. २०२३ आणि २०२५ ला नुसता बदलून घेण्याचा हक्क, म्हणजे क्लिपर्सचा नंबर वरचा निघाला तर आपला देऊन तो घ्यायचा. उरलेले दोन मायामीचे होते, जे क्लिपर्सकडे आधीच आले होते. कारण सलग दोन वर्षांचे भविष्यातले पहिल्या फेरीचे पिक विकायला बंदी आहे. या नियमाला क्लीव्हलंडच्या टेड स्टेपियन या मालकाचं नाव पडलंय. १९८० च्या सुमारास त्यानं पिक इतके उधळले की लीगलाच आवर घालावा लागला. त्या काळात क्लीव्हलंडनं गमावलेल्या एका पिकवर लेकर्सनी १९८२ मध्ये पहिल्या नंबरला जेम्स वर्दी घेतला. प्रेस्टीनं नियम मोडला नाही, मधली वर्षं “बदलीच्या हक्कानं” भरून काढली. म्हणजे २०२२ ते २०२६ या पाच वर्षांत क्लिपर्सचं काहीही बिघडलं तरी त्याचा फायदा ओक्लाहोमाला.

---

कृष्णाकाठ | २३ जून, रात्री ८:१५

ताई, मोहोराच्या उदाहरणानं एका क्षणात कळलं. धन्यवाद. आमच्याकडे हळदीत असं होत नाही, पण ऊस तोडणीआधी उचल घेतात त्याच्याशी थोडं जुळतं.

---

पिक_अँड_रोल | २३ जून, रात्री ११:३०

मूळ लेख छान आहे, पण नशिबाचा वाटा पार पुसून टाकलात असं वाटलं. कवायनं जॉर्जचा हट्ट धरला नसता तर? २०१९ ला थंडर जॉर्ज आणि वेस्टब्रुकसकट पहिल्याच फेरीत पोर्टलंडकडून हरले होते. पगाराचा बोजा होता, दोघं तिशीकडे झुकलेले. पुनर्बांधणीचा कुठलाही मुहूर्त प्रेस्टीनं काढलेला नव्हता. दार बाहेरून ठोठावलं गेलं. शिवाय जॉर्ज गेल्यावर आठवड्याभरात वेस्टब्रुक ह्यूस्टनला गेला आणि ख्रिस पॉल आला, तोही दोन पिक आणि दोन बदलीच्या हक्कांसकट.

आणि हरण्याचं काय? २०२०-२१ ला २२ विजय आणि ५० पराभव. पुढच्या वर्षी २४-५८. चेट होल्मग्रेन दुसऱ्या नंबरला मिळाला तो या पराभवांमुळेच. हे लपवून “दुसऱ्या नावाची” गोष्ट सांगता येणार नाही.

---

पहाटेचा_सामना | २४ जून, सकाळी ९:०५

पिक_अँड_रोल, दार बाहेरून ठोठावलं गेलं हे शंभर टक्के मान्य. पण दार उघडल्यावर काय मागायचं हे ठरलेलं असावं लागतं. २०१३ मध्ये ब्रुकलिनचंही दार असंच बॉस्टननं ठोठावलं होतं. ब्रुकलिननं तीन पिक आणि एक बदलीचा हक्क देऊन गार्नेट आणि पियर्स घेतले, दोघंही उताराला लागलेले. त्यातून बॉस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ चं विजेतेपद.

पराभवांबद्दल. हो, ते झाले. मी ते सामने बघितलेत. १ मे २०२१, घरच्या मैदानावर इंडियानाकडून १५२-९५. सत्तावन्न गुणांनी! तोच इंडियाना ज्याला काल हरवलं. आणि २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून १५२-७९, त्र्याहत्तर गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. त्या रात्री शे नव्हता, जॉश गिडी नव्हता. डगआउटमधली मुलं विशी-बाविशीची. यंदाच्या प्लेऑफमध्ये त्याच मेम्फिसला पहिल्या सामन्यात ५१ गुणांनी हरवलं, तेव्हा मला ती डिसेंबरची सकाळ आठवली.

मात्र एक फरक आहे. २०१९-२० ला, म्हणजे सगळं विकल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, थंडर ख्रिस पॉलच्या जोरावर ४४-२८ खेळले आणि पाचवे आले. ह्यूस्टनशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. शे त्या वर्षभर पॉलच्या शेजारी उभा राहून शिकला. तो हंगाम “वाया” घालवून वरचा पिक मिळवता आला असता, घालवला नाही. मग पॉलला फिनिक्सला पाठवून अजून एक पिक घेतला. शेला जे शिक्षण मिळालं ते कुठल्या पिकवर मिळालं असतं?

---

बेलव्ह्यूकर | २४ जून, रात्री १०:५०

मी गेली एकोणीस वर्षं सिअॅटलच्या परिसरात राहतो. तुम्ही सगळे २००८ च्या २४ व्या पिकबद्दल बोलताय. तो पिक सिअॅटल सुपरसॉनिक्सचा होता. इबाका आमच्या संघानं निवडला. त्याच रात्री चौथ्या नंबरला वेस्टब्रुक आमच्या संघानं निवडला. आदल्या वर्षी दुसऱ्या नंबरला केव्हिन ड्युरंट. प्रेस्टी २००७ मध्ये इथेच आला, तिशीचा होता. आणि ड्राफ्ट होऊन काही दिवस होतात न होतात तोच संघ उचलून ओक्लाहोमाला नेला, तोच आजचा थंडर.

मी तेव्हा इथे नवीन होतो. इंग्रजीत गप्पा मारायला लाजायचो, ऑफिसात कोणाशी बोलायला विषय नसायचा. सॉनिक्समुळे विषय मिळाला. ड्युरंटचा पहिला हंगाम कीअरेनात बघितला, संघ २०-६२ होता, वीसच सामने जिंकला, तरी लोक यायचे. आम्ही सगळे हेच म्हणायचो, दोन-तीन वर्षं थांबा, हा मुलगा बघा कुठे नेतो. आम्ही थांबायला तयार होतो. थांबण्याचं फळ दुसऱ्या गावाला मिळालं.

म्हणून पुनर्बांधणीच्या गोष्टीत मला नेहमी विचारावंसं वाटतं की त्या पराभवांची किंमत कोण मोजतं. व्यवस्थापक मोजत नाही, त्याच्याकडे सात वर्षांचे पिक असतात. तिकीट काढून येणारा मोजतो.

तरीही आज ओक्लाहोमाच्या लोकांबद्दल मनात आकस नाही. त्यांनी त्र्याहत्तर गुणांचा पराभवही सोसला.

---

तिसरी_शिट्टी | २५ जून, सकाळी ७:२०

बेलव्ह्यूकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

किंमत कोण मोजतं याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण फिलाडेल्फियाचं. २०१३ ला सॅम हिंकी आला आणि उघडपणे हरण्याचा मार्ग धरला. १९-६३, मग १८-६४, मग १०-७२. २०१४ च्या मार्चपर्यंत सलग २६ पराभव. एप्रिल २०१६ मध्ये हिंकीनं राजीनामा दिला. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, तो पुढे एमव्हीपी झाला, हे खरं. २०१६ ला पहिल्या नंबरला बेन सिमन्स, २०१७ ला बॉस्टनशी अदलाबदल करून पुन्हा पहिला नंबर आणि त्यावर मार्केल फुल्ट्झ. तिसऱ्या नंबरवर सरकलेल्या बॉस्टननं टेटम घेतला. एवढं सगळं करून फिलाडेल्फिया त्यानंतर २०२५ पर्यंत प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे गेला नाही. त्या तीन वर्षांत लहान असलेली मुलं आता कॉलेजात गेली असतील.

फिलाडेल्फियातलं हरणं आणि ओक्लाहोमातलं हरणं दिसायला सारखं आहे. पण मार्क डेगनॉल्टची नेमणूक बघा. थंडरच्याच दुय्यम संघाचा, ओक्लाहोमा सिटी ब्लूचा प्रशिक्षक होता तो. २०२० मध्ये थंडरचा मुख्य प्रशिक्षक केला आणि २२-५०, २४-५८ अशी दोन वर्षं होऊनही काढला नाही. तोच २०२४ चा सर्वोत्तम प्रशिक्षक. मी शाळेच्या मुलींचा संघ शिकवते. दोन वर्षं हरणाऱ्या संघाला शिस्त टिकवायला लावणं किती अवघड असतं हे मला रोज संध्याकाळी दिसतं. हरण्याची सवय पायात उतरते. मागे धावत येणं बंद होतं, चेंडू गेला की मान खाली जाते. थंडरची मुलं २०२१ मध्येही मागे धावत यायची. मी मुलींना त्या हंगामातले सामने मुद्दाम दाखवते, पराभव असूनही.

आणि वरच्या पिकशिवाय आलेली माणसं मोजा : लू डॉर्ट २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नाही. अॅरन विगिन्स ५५ वा. आयझाया जो फिलाडेल्फियानं सोडून दिलेला. केनरिच विल्यम्स स्टीव्हन अॅडम्सच्या ट्रेडमध्ये जोडनाव म्हणून आला. या चौघांपैकी एकासाठीही कोणाला हरावं लागलं नाही.

---

वरळी_सीफेस | २५ जून, दुपारी १२:३०

साखळीत माझीही एक कडी जोडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले होते, भारतातले पहिले एनबीए सामने. ४ तारखेचा सामना जादा वेळेत गेला, १३२-१३१ पेसर्स. मी ५ तारखेला वडिलांना घेऊन गेलो. ते नागपाड्याच्या मैदानांवर खेळलेले, शेजारच्या अनोळखी मुलांना पायाच्या हालचाली समजावून सांगत होते. साबोनिस तेव्हा पेसर्सकडे होता. अडीच वर्षांनी याच दोन संघांनी साबोनिस-हॅलिबर्टन अदलाबदल केली.

किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव त्या संघात. पण खरं सांगायचं तर पिक मिळूनही काय होतं याचा धडा तिथेच आहे. २००७ ते २०२२, सलग १६ हंगाम प्लेऑफ नाही. म्हणजे दरवर्षी चांगला नंबर! २०१८ ला दुसरा पिक होता आणि मार्व्हिन बॅगली घेतला, तिसऱ्या नंबरवर लुका डॉन्चिच गेला. २०२० ला १२ व्या नंबरवर हॅलिबर्टन सापडला, ते तर सोनंच होतं, तर तो दीड वर्षात दिला. साबोनिसनं २०२३ ला प्लेऑफ दाखवलं, ४८ विजय, गोल्डन स्टेटशी सात सामने, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ते वर्ष एकच राहिलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रशिक्षक माइक ब्राउनला काढलं, फेब्रुवारीत डीअॅरन फॉक्स गेला. वडील म्हणतात, झाड लावून दर चार महिन्यांनी मूळ धरलं का म्हणून उपटून बघितलं तर ते कसं जगेल.

---

पिक_अँड_रोल | २५ जून, रात्री ११:१०

वरळी_सीफेस, वडिलांना नमस्कार सांगा. वाक्य लिहून ठेवलंय.

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. हरून वरचा नंबर मिळवण्याचा हिशोब आता पूर्वीसारखा उरलेलाही नाही. २०१९ पासून सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या नंबरची शक्यता प्रत्येकी १४ टक्के. आधी तळाच्या संघाला २५ टक्के होती. या वर्षीच बघा. यूटा १७-६५, सगळ्यात तळाला, नंबर मिळाला पाचवा. आणि डलासनं फेब्रुवारीत डॉन्चिच देऊन टाकला, शक्यता १.८ टक्के, तरी पहिला नंबर त्यांना, म्हणजे उद्या पहाटेच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांना हवा असलेला कूपर फ्लॅग त्यांचा. डेट्रॉइट २०२३-२४ ला सलग २८ सामने हरलं, १४-६८. त्या जूनमध्ये तेही पाचव्यावर घसरले. यंदा ४४-३८ झाले ते आधीपासून असलेल्या केड कनिंगहॅममुळे, नव्या प्रशिक्षकामुळे आणि चार जाणत्या खेळाडूंमुळे.

आणि पेसर्स तर मुद्दाम हरतच नाहीत. २०२५ पर्यंतच्या दशकातला त्यांचा सगळ्यात वाईट हंगाम २५-५७. त्यातून सहाव्या नंबरचा बेनेडिक्ट मॅथुरिन. बाकी बरंचसं सौद्यांतून : बॉस्टनकडून एरन नेस्मिथ, न्यूयॉर्ककडून दुसऱ्या फेरीच्या दोन पिकवर ओबी टॉपिन, टोरांटोकडून तीन पहिल्या फेरीचे पिक मोजून पास्कल सियाकम. सियाकम तिशीचा होता, लोक म्हणाले महाग पडला. तोच पूर्व विभागाच्या अंतिम लढतीचा एमव्हीपी. म्हणजे पिक देऊनही संघ उभा राहतो.

---

पहाटेचा_सामना | २६ जून, सकाळी ८:००

अगदी. आणि देण्याची वेळ ओळखणं हा याच कामाचा दुसरा अर्धा भाग. जॉश गिडी २०२१ चा सहावा पिक, डिसेंबरच्या त्या सकाळी ज्यांच्यावर आशा होती त्यातला एक. २०२४ ला थंडर ५७-२५ खेळून पश्चिमेत पहिले आले आणि डलासकडून दुसऱ्या फेरीत हरले. त्या लढतीत गिडीला कोणी बाहेरून अडवतच नव्हतं. जूनमध्ये त्याला शिकागोला दिलं आणि तिशीचा अॅलेक्स कारूसो घेतला. सोबत एकही पिक मागितला नाही! ज्या माणसानं प्रत्येक सौद्यात पिक मागितले, त्यानं या वेळी मागितला नाही. मला त्या दिवशी राग आला होता, आज कळतंय. यंदा दुसऱ्या फेरीत डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात कारूसोनं आपल्यापेक्षा अर्ध्या फुटानं उंच योकिचला अडवलं, ते बघताना मी खुर्चीत बसू शकलो नाही. मग हार्टनस्टाइन, तीन वर्षांचे ८.७ कोटी डॉलर. तो मोकळा खेळाडू म्हणून करारावर घेतलेला, पिकवर आलेला नाही. आणि हंगाम ६८-१४.

---

कृष्णाकाठ | ११ जुलै, रात्री ९:४५

धागा वर आणतोय, कारण दोन आठवड्यांत बरंच घडलं. शेचा नवा करार, चार वर्षं, २८.५ कोटी डॉलर. या आठवड्यात चेट आणि जेलन विल्यम्सचेही मोठे करार झाले. आणि तिकडे इंडियानाचा माइल्स टर्नर दहा वर्षांनंतर मिलवॉकीला गेला, पेसर्सना बदल्यात काहीच मिळालं नाही. आता पुढे काय होणार?

---

तिसरी_शिट्टी | १२ जुलै, सकाळी ७:१०

आता ते उरलेले पिक कामाला येतील. २०२३ च्या नव्या नियमांत पगाराची दुसरी मर्यादारेषा ओलांडली की ट्रेडचे बरेच रस्ते बंद होतात. चेट आणि विल्यम्सचे मोठे करार २०२६-२७ पासून आणि शेचा २०२७-२८ पासून लागू होईल, तेव्हा डॉर्ट, हार्टनस्टाइन, कारूसो हे सगळे ठेवणं परवडणार नाही. त्यांच्या जागी दरवर्षी स्वस्त करारावरची तयार मुलं हवीत. पहिल्या फेरीच्या पिकवर आलेल्या मुलाचा पगार पहिली चार वर्षं ठरलेला आणि कमी असतो. केसन वॉलेस, एजे मिचेल (३८ वा पिक!) हे त्याच रांगेतले.

टर्नरचं वाईट वाटलं. हॅलिबर्टन पुढचा अख्खा हंगाम बाहेर. पण एक गोष्ट बघा : अंतिम लढत चालू असतानाच पेसर्सनी न्यू ऑर्लीन्सकडून स्वतःचा २०२६ चा पिक परत मिळवला, या वर्षीचा २३ वा देऊन. तेव्हा ते क्षुल्लक वाटलं होतं. हॅलिबर्टन पडला आणि तो पिक एकदम जड झाला.

---

बेलव्ह्यूकर | १२ जुलै, रात्री ११:२५

क्लिपर्सचा २०२६ चा पिकही अजून ओक्लाहोमाकडेच आहे ना? २०१९ च्या सौद्यातला शेवटचा?

---

पहाटेचा_सामना | १३ जुलै, सकाळी ६:५०

हो. त्यावर कुठलीही अट नाही, पहिला निघाला तरी ओक्लाहोमाचाच. इबाकाच्या २४ व्या पिकपासून मोजलं तर साखळी अठराव्या वर्षात जाईल. कागदावर मी त्याच्यासाठी जागा सोडून ठेवली आहे.

---

वरळी_सीफेस | १३ जुलै, सकाळी ९:१५

तो कागद इथे टाका. वडिलांना दाखवायचाय, त्यांना मोठ्या अक्षरात लागेल.